लाँच काढा, पण सकाळची फेरी काढू नका

मागच्या रविवारी मावसभावाचा घारापुरीहून फोन आला. "आपली लाँच काढली रे. यंदाच्या सर्व्हेत नापास झाली." मी सिंहगड रोडवर होतो. गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

पुण्यातल्या बहुतेकांसाठी घारापुरी म्हणजे लेणी. गेटवेवरून लाँच पकडायची, तासाभरात बेटावर, त्रिमूर्तीसमोर फोटो, संध्याकाळी परत. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं आहेत. माझी मावशी मोराबंदरला दिलेली. तिच्या घरी समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती 2018 च्या फेब्रुवारीत. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा आणि त्याचं डिझेलसुद्धा बोटीनेच यायचं. तांदूळ, गॅसची टाकी, शाळेची पुस्तकं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं बोटीने. मावशीच्या मोठ्या मुलीचं बाळंतपण उरणला व्हायचं होतं, तीही भर रात्री याच लाँचमधून गेली.

लाकडी लाँच होती. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा कधी कधी ती किनाऱ्यावर ओढलेली असायची. काका तळाला चिकटलेली कालवं खरवडत बसायचे. मग फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेलं सूत छिन्नीने ठासायचे, हातोडीचा तो टक टक आवाज अख्ख्या बंदरावर ऐकू यायचा. पुन्हा पाण्यात उतरवली की पहिले दोन दिवस आत पाणी यायचंच. लाकूड फुगलं की सांधे बसायचे आणि पाणी थांबायचं. काकांना त्याची कधी भीती वाटली नाही. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र ते पाणी थांबेना. सकाळी लावलेला पंप शेवटच्या फेरीपर्यंत चालू. एक फळी बदलायला काढली की शेजारच्या फळीचा भुगा हातात यायचा, नवा खिळा धरायला लाकूडच उरलं नव्हतं.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्या रात्री सगळे हळवे झाले. कुणी म्हणालं, अलिबागच्या एखाद्या रिसॉर्टने घेतली तर हिरवळीवर किती छान दिसेल. मला ते वाचवेना. लाकडी बोट कोरड्यात ठेवली की लाकूड आकसतं, सांधे उघडतात. दोन उन्हाळ्यांत तिचा सापळा होईल आणि लोक त्यात बसून चहा पितील. त्यापेक्षा तिचं सागवान कुणाच्या तरी दाराला, तुळईला लागू दे.

दुसरे म्हणाले, पूर्वीचं लाकूड ते, अजून पाच वर्षं सहज काढली असती. माझा सगळ्यात जास्त विरोध याला आहे. यावर एक मामा रामदास बोटीचं उदाहरण देतात. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. मामांचं म्हणणं, ती बोट 1936 ची, म्हणजे जेमतेम 11 वर्षांची होती, मग वयाचा काय संबंध? आणि 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळून 15 जण दगावले, तिथेही दोष लाँचच्या वयाचा नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मी त्यातून उलटंच शिकतो. चांगल्या बोटीवरही एखाद्या दिवशी वारा, गर्दी आणि नशीब एकदम उलटतं. त्या दिवसासाठी बोटीच्या अंगात थोडी ताकद शिल्लक असावी लागते. रोजच्या शांत पाण्यातच जिची सगळी ताकद संपते, तिच्यात माझ्या मावशीने का बसावं? तिच्यावर आमचा जीव आहे म्हणून? लाँच काढली हे योग्यच झालं, खरं तर दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं.

एवढंच असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

मी भावाला विचारलं, तिच्या जागी काय? तो म्हणाला, "बघू बोलले. तोवर टुरिस्टच्या लाँच हायेत ना." आता हे पुणेकरांनी नीट समजून घ्या. पर्यटकांच्या लाँच पर्यटकांच्या वेळेने धावतात. सोमवारी लेणी बंद, म्हणून गेटवेच्या त्या लाँचही बंद. पण सोमवारी शाळा असते, दवाखाना असतो, बँक असते. आमची लाँच सोमवारीही सुटायची, सकाळी सव्वासहाला, उरणच्या बाजूला. कॉलेजची पोरं, बाजारला जाणाऱ्या बायका आणि कामावर जाणारे पुरुष त्या एका फेरीवर दिवस बांधायचे.

पर्याय न देता जुनं बंद केलं की काय होतं, ते आपण आपल्या दाराशी पाहिलंय. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल 15 जून 2025 ला, रविवारी कोसळला. चार माणसं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाला मंजुरीही होती. पूल मात्र नव्हता. त्या दिवशी पर्यटकांची गर्दी होती हे खरं, पण पलीकडच्या माणसाने एरवी जायचं कुठून, याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं. बेटावर तर लांबून वळसा घालून जायचीही सोय नाही. आज मोठी लाँच बंद आहे आणि पोरं मासेमारीच्या छोट्या होडीतून पलीकडे जातायत, जाकीट नाही, वर छत नाही. म्हणजे सुरक्षिततेसाठी लाँच काढली आणि माणसं तिच्याहून धोकादायक होडीत बसवली.

कुठलीही प्रवासी बोट पाण्यात उतरते त्याच दिवशी तिची शेवटची तारीखही ढोबळपणे ठरवता येते. दरवर्षी तपासणी होते, लाकूड किती उरलंय ते तपासणाऱ्याला दिसतं. मग तिची बदली दोन वर्षं आधी का मागवली जात नाही? आणि नवी बोट ठरवताना पहिला प्रश्न सीट किती हा नको. ओहोटीला त्या धक्क्याला ती लागते का, आजारी माणसाला आडवं नेता येतं का, पावसाळ्यात कोणत्या दिवशी निघेल, हे विचारा. विचारायचं तर काकांना विचारा. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला तो माणूस आज घरी बसून आहे, त्याला कुणी बोलावलेलंही नाही.

मी भावासोबत बसून अर्ज लिहितोय: नवी लाँच येईपर्यंत रोज सकाळी सव्वासहाची भाड्याची लाँच, सोमवारसकट. ज्यांना अशा अर्जांचा अनुभव आहे त्यांनी कृपया कळवा, मला खरंच मदत हवी आहे. मावशीला येत्या सोमवारी उरणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. ती मला फोनवर म्हणाली, "नाय मिलाली बोट तर पुढच्या महिन्यात जाईन."