पोस्टाची घरपट्टी अन् दोन खिसे : एका कमेंटला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की पोस्ट ऑफिस काय अन् रेल्वेचे क्वार्टर काय, सगळं सरकारचंच, त्याच्यासाठी नगरपंचायतनं पैसे मागणं म्हणजे या खिशातून काढून त्या खिशात टाकणं, अन् मी उगाच लोकांना भडकवतो. भडकवणं राहू द्या, खिशाचं बोलू.

खिसे दोन आहेत हो. भावाभावाच्या वाटण्या झाल्या की सातबारा वेगळा, मोटरचं बिल वेगळं. मग धाकट्याच्या मोटरवर थोरल्यानं पऱ्हाटीचं ओलीत करायचं अन् बिल आलं की म्हणायचं आपण एकाच बापाचे, चालते का?

घटनेच्या कलम 285 नं केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक कर माफ आहे, कबूल. पण माफ आहे तो कर. कचरा उचलणं, नाली उपसणं, खांबावरचा लाइट, याचे पैसे सर्व्हिस चार्ज म्हणून द्यायचे हे केंद्रानंच 1954 अन् 1967 च्या पत्रांत सांगितलेलं, तरी वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाच (राजकोट महापालिका विरुद्ध केंद्र सरकार) अन् नोव्हेंबर 2009 मध्ये ठरलं की सगळ्या सेवा घेतल्या तर घरपट्टीच्या 75 टक्के, थोड्या घेतल्या तर 50, अन् काहीच नाही घेतलं तरी एक तृतीयांश. काहीच नाही घेतलं तरी! कारण क्वार्टरमधला माणूस बाजारात जाते तं गावच्याच रस्त्यानं जाते ना, असं मी समजतो.

अन् सरकारी दिसते ते सगळं केंद्र नसते. तहसील राज्याची, ती 285 मध्ये येतच नाही. एफसीआय (भारतीय अन्न महामंडळ, धान्याची गोदामं चालवणारं) हे वेगळं महामंडळ, त्याला ही माफी नाही हे 1999 मध्येच कोर्टानं सांगितलं, म्हणजे तिथं पूर्ण टॅक्स.

'अनुदान येतेच ना' म्हणता. येते, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) अनुदानातले 60 टक्के पाणी अन् स्वच्छतेलाच बांधलेले होते, दुसऱ्या कामाला काढता येत नव्हते. वरून अट अशी होती की घरपट्टीचे किमान दर ठरवा अन् वसुली वाढवून दाखवा, तेव्हाच पैसे. म्हणजे तुमच्या-माझ्या घराची वसुली वाढवा म्हणणारं तेच सरकार, अन् स्वतःचा सर्व्हिस चार्ज निघाला की आपण म्हणायचं जाऊ द्या, काहून?

एक मात्र तुमचं बरोबर, दोष एकट्या केंद्राचा नाही. हा पैसा आपोआप येत नाही, त्या-त्या खात्यासोबत करार करावा लागते, इमारतीचं मूल्यांकन करून बिल पाठवावं लागते. बिलच नाही गेलं तं पोस्टमास्तर काय घरून आणून देईल? माहिती अधिकारात डिमांड रजिस्टरची (कोणाकडं किती कर मागायचा त्या नोंदवहीची) नक्कल मागा, केंद्राच्या इमारतींपुढं काय लिहिलंय पाहा, मग कोणाला धरायचं ते ठरवू.

अन् 'मग मीही नाली वापरत नाही, एक तृतीयांशच भरतो' हे जे शेवटी लिहिलं ते नाही जमणार भाऊ, तुमचं घर 285 मध्ये नाही, 31 मार्चच्या आत पूर्ण भरा.