'पॉवरलेस' गाजलं ते बरोबरच, पण भलत्याच कारणासाठी

लॉरेन रॉबर्ट्सच्या 'पॉवरलेस' या कादंबरीवर साधारण दोनच प्रकारच्या पोस्ट दिसतात. एका गटाचा तिच्यातल्या राजपुत्रावर, काईवर, जीव जडलाय, दुसरं काही सुचत नाही. दुसरा गट नाक मुरडून म्हणतो, यात नवीन काय, 'रेड क्वीन' आणि 'द हंगर गेम्स' या आधीच्या कादंबऱ्यांना एकत्र घुसळलंय झालं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण पुस्तकात जे सगळ्यात चांगलं आहे त्याबद्दल दोघंही अवाक्षर काढत नाहीत. म्हणून ही लांबलचक पोस्ट. (शेवट फोडलेला नाही, बिनधास्त वाचा.)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: इलिया नावाच्या राज्यात एका साथीनंतर वाचलेल्या लोकांना वेगवेगळ्या शक्ती मिळाल्या. हे एलीट. ज्यांना काहीच मिळालं नाही ते ऑर्डिनरी. ऑर्डिनरी लोकांच्या अंगातल्या रोगामुळे एलीटांची शक्ती क्षीण होते, असं कारण पुढे करून राजानं त्यांना संपवायचा हुकूम काढलाय. नायिका पेडिन ग्रे ऑर्डिनरी आहे, चोऱ्या करून जगते आणि आपण 'सायकिक', म्हणजे दुसऱ्याचं मन जाणणारी एलीट, असल्याची बतावणी करते. एकदा ती अनोळखी समजून ज्याला वाचवते तो निघतो राजपुत्र काई. ऑर्डिनरींना शोधून मारणं हेच ज्याचं पुढचं काम, तोच. मग राजवाडा, जीवघेण्या स्पर्धा, नाचाचे सोहळे, आणि अर्थातच प्रेम.

आता नकलेचा आरोप. 'हंगर गेम्स' २००८चं, 'रेड क्वीन' २०१५चं. गरीब चोर मुलगी, दोन राजपुत्र भाऊ, शक्ती असलेले आणि नसलेले, लोकांच्या करमणुकीसाठी झुंजणारी पोरं, सगळं तिथे आधी येऊन गेलंय. साम्य डोळ्यात भरतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण या प्रकारच्या कादंबऱ्या एकमेकींकडून उसनवारी करूनच उभ्या राहतात. वाचकालाही ते माहीत असतं, किंबहुना त्याला तेच हवं असतं. प्रश्न एवढाच की उसनं घेतलेल्यात स्वतःचं काय घातलं.

आणि इथे रॉबर्ट्सनं एक फार चांगली गोष्ट घातली आहे. 'रेड क्वीन'ची नायिका मेअर सामान्य रक्ताची असूनही तिच्यात वीज निघते. या धाटणीच्या पुस्तकांत बहुतेक वेळा असंच होतं: साधी मुलगी साधी नसतेच, तिच्यात काहीतरी दडलेलं असतं. पेडिनमध्ये, निदान या पहिल्या भागात, काहीही दडलेलं नाही. तिच्याकडे आहे ती फक्त नजर. वडिलांनी लहानपणापासून तिला माणसं निरखायला शिकवलंय. कपडे, हात, चालण्याची ढब, बोलताना झालेला किंचित बदल, यावरून ती समोरच्याबद्दल असं काही सांगते की त्याला वाटावं, हिला मनातलं कळतं. सगळे शक्तीच्या जोरावर मिरवत असताना ही पोरगी निव्वळ लक्ष देऊन जिवंत राहते. काय सुंदर कल्पना आहे! सुरुवातीची प्रकरणं मला आवडली ती याच्यामुळे. पेडिन खिसा कापते, माणूस वाचते, पकडलं जाण्याच्या भीतीनं दर वाक्य तोलून बोलते. तिथे ताण खराखुरा आहे.

मग काई येतो आणि ही नजर हळूहळू त्याच्या गालावरच्या खळ्यांवर स्थिरावते. मला राग आला तो इथे. प्रेमकथा आली म्हणून नव्हे, ती यायलाच हवी होती. पण जिचं जगणं माणसं ओळखण्यावर अवलंबून आहे ती मुलगी प्रेमात पडताना समोरच्याला कशी वाचेल? त्याचं खोटं तिला कळेल, त्यानं लपवलेलं दुःख कळेल, आणि कळूनही ती चुकेल. प्रेमाचे प्रसंगच तिच्या कौशल्याची खरी परीक्षा ठरले असते. लेखिकेनं त्याऐवजी खंजीर, टोमणे, हसणं, पुन्हा खंजीर असा क्रम लावला. प्रकरणं आलटून पालटून पेडिन आणि काईच्या तोंडून येतात, त्यामुळे दोघांच्या मनातलं आपल्याला आयतंच मिळतं. जे पेडिननं शोधायचं ते काई स्वतःच पुढच्या प्रकरणात सांगून टाकतो. मग निरखायला उरतं काय?

तरीही हे टोमणे चांगले लिहिलेत हे मान्य करायला हवं. दोघांची जुगलबंदी वाचताना पानं झरझर उलटतात, आणि कुणी कितीही नाकं मुरडोत, तरुण वाचकाला चारशेहून जास्त पानं खिळवून ठेवणं हे कसब आहे. पुस्तक आधी लेखिकेनं स्वतः प्रकाशित केलं, मग २०२३मध्येच सायमन अँड शुस्टरनं ते उचललं. ती स्वतः बुकटॉकवर, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकवेड्यांच्या कोपऱ्यात, वावरणारी, त्यामुळे कुठल्या प्रसंगावर वाचक पेन्सिलीनं खूण करतो हे तिला नेमकं ठाऊक आहे. एकानं दुसऱ्याची जखम शिवायची, नाचताना कानाशी कुजबुजायचं, गळ्याशी पातं टेकवून डोळ्यांत बघायचं. दर थोड्या पानांनी एक रील तयार. पुस्तक गाजलं ते या रीलजोग्या प्रसंगांवर. त्यात फसवणूक नाही, वाचकांना हवं ते मिळालं. मात्र प्रसंगांच्या मधली जागा पोकळ राहिली, हेही त्याचंच फळ.

सगळ्यात पोकळ राहिलं ते इलिया. एका अख्ख्या समाजगटाला रोगाचं खोटंनाटं कारण देऊन संपवलं जातंय, हा विषय काही खेळण्यातला नाही. असल्या अफवा कशा पसरतात, साधे शेजारी त्यावर विश्वास का ठेवतात, भीतीतून कुणाला काय फायदा होतो, हे सगळं कथेच्या दारात उभं आहे. त्याला आत घेतलं जातं ते फार उशिरा आणि घाईघाईनं. काईच्या हातून होणारी हत्या ही मरणाऱ्यांची गोष्ट राहतच नाही, देखण्या मुलाची व्यथा होऊन जाते. बापानं त्याला छळून असं घडवलं, कबूल. पण मेलेल्यांपैकी किती जणांचे चेहरे आपल्याला आठवतात?

पेडिनची मैत्रीण अडिना मात्र आठवते. शिवणकाम करणारी, बडबडी, मनानं लख्ख. तिची पानं कमी आहेत, पण राजवाड्यातल्या सगळ्या झगमगाटापेक्षा तिच्या दोन-चार प्रसंगांत जास्त ऊब आहे. रॉबर्ट्सला मैत्री लिहिता येते. तिनं ती अजून लिहावी.

"असली पुस्तकं पोरीच वाचतात" म्हणून जे झटकून टाकतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांनी बहुधा पुस्तक उघडलेलंच नसतं. पण चाहत्यांशी वाद घालायचाय. कुणी त्रुटी दाखवली की "मजा म्हणून वाचायचं, इतका विचार कशाला" हे उत्तर येतं. अरे, पण पहिल्या शंभर पानांत विचार आणि मजा दोन्ही एकत्र होतीच की! तेवढं जमवणाऱ्या लेखिकेकडून पुढच्या तीनशे पानांतही तेच मागितलं तर काय बिघडलं?

पुढचे भाग, 'रेकलेस' आणि 'फिअरलेस', मी वाचणार आहे. काईसाठी नव्हे, किटसाठी. काईचा थोरला भाऊ, भावी राजा, बापाची शाबासकी मिळावी म्हणून झुरणारा, वरवर सगळ्यांशी गोड. पहिल्या भागात त्याला प्रेमत्रिकोणाचा तिसरा कोन म्हणून नुसतं उभं केलंय, पण या तिघांत बिघडण्याची सगळ्यात जास्त शक्यता मला त्याच्यातच दिसते. ज्यांनी पुढचं वाचलंय त्यांनी फक्त हो किंवा नाही सांगा: त्याला धड न्याय मिळतो का?