रस्त्याचा गाभा काढून पाहिल्याशिवाय चोरी दिसत नाही

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचून एखाद्या कर्मचाऱ्याला रंगेहाथ पकडले, ही बातमी नागपूरकरांच्या सवयीची झाली आहे. या कारवाईचे मोल मी कमी लेखत नाही. फेरफारासाठी किंवा वारसाच्या नोंदीसाठी अडवून धरलेल्या माणसाला १०६४ हा या विभागाचा मदत क्रमांक खरोखरच आधार देतो. परंतु सापळ्यासाठी तक्रारदार लागतो, आणि आपल्या खिशातून पैसे जात आहेत हे कळल्याशिवाय कुणी तक्रार करत नाही. सिमेंट रस्त्याचा थर पातळ पडला आणि मोजमाप पुस्तिकेत तो पुरेपूर लिहिला गेला, तर देणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असतात. ज्याचे पैसे गेले त्या करदात्याला मात्र पत्ताही लागत नाही. टक्केवारीचा भ्रष्टाचार सापळ्यात सहसा अडकत नाही, तो यामुळेच.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडले होते की गुन्हा करू पाहणारा माणूस शिक्षा किती आणि पकडले जाण्याची शक्यता किती, या दोन्हींचा हिशेब करतो. आपली चर्चा मात्र पहिल्याच गोष्टीवर अडते. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला आज कायद्याने किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद होऊ शकते. आपल्यापर्यंत कुणी पोहोचणारच नाही याची ज्याला खात्री आहे, त्याला ती सात वर्षे असली काय नि सतरा असली काय, सारखेच.

या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा इंडोनेशियातील प्रयोग, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जावा बेटावरील ६०८ गावांत सरकारी पैशातून रस्ते बांधले जात होते. काही गावांना काम सुरू होण्यापूर्वीच सांगण्यात आले की तुमच्या कामाचे सरकारी लेखापरीक्षण होणारच. एरवी ती शक्यता शंभरात चार एवढीच होती. रस्ते झाल्यावर अभियंत्यांनी ठिकठिकाणी ते खोदून गिट्टी, रेती आणि मुरूम खरोखर किती पडला हे मोजले, स्थानिक पुरवठादारांकडून भाव घेतले, मजुरीची चौकशी गावकऱ्यांकडे केली आणि येणारा खर्च कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला. बांधकामात थोडे साहित्य वाया जातेच, तेव्हा ते चोरीत धरले जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः छोटे रस्ते बांधून ती तूटही मोजली. लेखापरीक्षणाची खात्री असलेल्या गावांत गायब होणारी रक्कम एकूण खर्चाच्या सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाली.

याच प्रयोगात काही गावांत लोकांना हिशेबाच्या सभेची शेकडो निमंत्रणे वाटली गेली. लोक आले, बोललेही. मजुरीतली चोरी घटली, पण साहित्यातली घटली नाही, आणि एकंदरीत फारसा फरक पडला नाही. मजुरी बुडाली तर मजुराला त्याच संध्याकाळी कळते. रस्त्याच्या पोटात गिट्टी किती हे डोळ्यांनी पाहून कुणालाच सांगता येत नाही. लोकसहभागाची मागणी करणाऱ्या आपण सर्वांनी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा. तपासणी असलेल्या गावांत चोरी घटली तरी कामावर आपल्या नातेवाइकांची वर्णी लावण्याचे प्रकार वाढले, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

आपल्याकडे त्रयस्थ तपासणी होतेच, असे कुणी म्हणेल. ती कोण करतो आणि त्याचे पैसे कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाचे लेखापरीक्षक कारखानदारच निवडत आणि त्यांचे शुल्कही तेच देत. अहवालातले आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली येत. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले गेले, मानधन सामायिक निधीतून दिले गेले आणि काही मोजमापे पुन्हा तपासली गेली. अहवाल खरे येऊ लागले आणि प्रदूषणही कमी झाले. माणसे तीच होती, फक्त त्यांना पोसणारा हात बदलला.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार राहिला. ब्राझीलमध्ये २००३ पासून सोडत काढून नगरपालिकांची तपासणी होऊ लागली. क्लाउडियो फेराझ आणि फ्रेडरिको फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी ते अहवाल तपासले, तेव्हा पुन्हा निवडून येण्याची संधी असलेल्या महापौरांच्या काळात, ती संधी नसलेल्यांच्या तुलनेत, २७ टक्के कमी निधीचा अपहार झालेला आढळला. प्रशासक प्रामाणिक असू शकतो, पण मतदाराला जाब देण्याची ती भीती त्या व्यवस्थेत कुणालाच नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दर वर्षी पूर्ण झालेल्या रस्त्यांतून नागरिकांसमोर सोडत काढून काही रस्ते निवडावेत, त्यांचे गाभे, म्हणजे रस्ता कोरून घेतलेले नमुने, काढून जाडी आणि काँक्रीटची ताकद बाहेरच्या शहरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून मोजून घ्यावी, त्याचा खर्च कंत्राटदाराकडून नव्हे तर वेगळ्या निधीतून द्यावा, आणि अहवाल कंत्राटदाराच्या व देयकावर सही करणाऱ्या अभियंत्याच्या नावासह प्रभागात लावावा. सोडतीत आपला रस्ता निघू शकतो हे निविदा भरतानाच प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.