भाऊ, तुम्ही जरा बाजूला व्हा

रविवारी गेटवेवर एका काकांनी मला पन्नास रुपये देऊ केले आणि थोड्या वेळाने तीच नोट परत खिशात घातली. राग नेमका देऊ केल्याचा आलाय की परत घेतल्याचा, हे अजून ठरत नाहीये, पण आलाय.

आमच्या ऑफिसात नेदरलँडहून एक मुलगा आलाय, माझ्याच वयाचा. त्याला एलिफंटा बघायचं होतं, आणि टीममध्ये रविवारी रिकामा कोण असतो म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. असो. बॅगा तपासून आत गेलो, लाँचच्या तिकिटांकडे वळलो आणि मागून हाक आली, "ओ भाऊ!"

काका बार्शीकडचे. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि मागे काकू, लेक, जावई, एक तान्हं पोर आणि कुणाची तरी आत्या.

"हे पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

"नेदरलँड."

"ते कुठं आलं?"

"जर्मनीच्या शेजारी."

"मग जर्मनीच म्हणा की, उगं कशाला लांबवायचं?" आणि मागे वळून खणखणीत आवाजात, "जर्मनीचे साहेब आहेत!"

मग माझी चौकशी. "तुम्ही डायवर का गाईड?"

मी म्हटलं मित्र आहे, एकाच ऑफिसात आहोत. काकांनी मला चपलेपासून केसांपर्यंत बघितलं, मग साहेबांना बघितलं (त्याला वेळ लागला, कारण साहेब जवळजवळ दोन मीटर आहेत), आणि समजूतदारपणे मान हलवली. गाईड लोक असं सांगतातच, असा तो चेहरा होता. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही जरा बाजूला व्हा, तिकडं. हां, आता काढा."

पहिल्या फोटोत काका आणि साहेब. मग काका, काकू आणि साहेब. काकू नको नको म्हणत पदर सारखा करून अगदी मधोमध उभ्या. मग जावई गॉगल घालून. मग आत्या. मग ते पोर साहेबांच्या कडेवर दिलं, त्याने एवढ्या उंचीवरून जग पहिल्यांदाच बघितलं असणार, जे भोकाड पसरलं ते भोकाडही काकांना फोटोत पाहिजे होतं. प्रत्येक फोटोनंतर मोबाईल परत, काका दोन बोटांनी झूम करून तपासणार आणि तक्रार करणार. "साहेबाचं डोकं कापलं." डोकं घेतलं की "माझे पाय कुठायत?" पाय घेतले की "गेटवेचं वरचं नाही आलं." आता गेटवे २६ मीटर, साहेब दोन मीटर, काका साडेपाच फूट आणि मी कंबरेत वाकलेला, सगळ्यांचं सगळं कसं येणार?

"आणि ताज पण आलं पाहिजे."

तेही जमवलं.

"आणि समुद्र."

म्हटलं काका, ताज आणि समुद्र समोरासमोर आहेत. दोन्ही एका फोटोत पाहिजे असेल तर मला पाण्यात उतरावं लागेल.

काकांनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बघा जमतंय का," म्हणाले. खरंच म्हणाले.

एवढ्यात तिथला गळ्यात कॅमेरा आणि हातात फोटोंचा नमुना घेऊन फिरणारा एक फोटोग्राफर तणतणत आला. "ओ, आमचा धंदा कशाला खोटी करताय? फॉरेनर आणायचा आणि फुकट काढून द्यायचे?" म्हणजे एकाच्या मते मी गाईड, दुसऱ्याच्या मते धंदा बुडवणारा, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो दात काढून हसतोय, कारण त्याला वाटतंय इंडियन लोक किती प्रेमळ.

काकांनी मग खिशातून नोट काढली. "घ्या. बराच वेळ मोडला तुमचा." नको म्हटलं तर मनगट धरून कोंबायला लागले. शेवटी वैतागून म्हणालो, अहो काका, मी सांगलीचा आहे, चांगला नोकरीला आहे हो.

"सांगली!" काका एकदम खूश. "आधी बोलायचं की राव! मग तर तुम्ही आपलेच!" आणि नोट घडी घालून खिशात. "आपल्या माणसाला काय पैसे द्यायचे."

तोवर काकूंनी डबा उघडला होता. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, ती खरी, तेल सुटलेली, लालभडक. मला आधी वासच आला. "साहेबांना तिखट चालतं का विचारा." विचारलं. साहेबांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, अजून मागितली. मी तिथेच उभा, हात किंचित पुढे आलेला. काकूंनी डबा बंद केला. "तुम्हाला काय बाई कौतुक याचं, तुम्ही रोजच खाता."

काकू, मी कांदिवलीत तिघांत एक फ्लॅट करून राहतो आणि रोज टिफिनची मेथी खातो. आणि ती मेथी आहे हेही टिफिनवाला सांगतो म्हणून.

तर आता बोलतोच. हा डच आमच्यात आल्यापासून त्याची सोशल लाईफ बघा. सकाळी कार्टर रोडला रनिंग ग्रुप, शनिवारी टर्फवर फुटबॉल, रविवारी ब्रंच, दोन लग्नांची आमंत्रणं, गणपतीला कुणाकुणाच्या घरी जेवण. त्याला वांद्र्यात फ्लॅट मिळाला तेव्हा घरमालक म्हणे स्वतः पेढे घेऊन आला. मला फ्लॅट बघताना प्रत्येक सोसायटीत तेच, बॅचलर नको, नॉनव्हेज नको, रात्री दहानंतर पाहुणे नको. मी पण बाहेरचाच आहे ना? मलाही इथे कोणी ओळखत नव्हतं. पण "ये ना कधीतरी घरी" यापुढे आमचं गाडं कधी गेलंच नाही, त्या कधीतरीला तारीख नसते. लोअर परळच्या एका पबच्या दारात मला बूट, शर्ट, परफ्यूम सगळं असताना कपल ओन्ली म्हणून अडवलं आणि हा त्याच दारातून बर्म्युडा आणि स्लीपरवर आत गेला, वर बाउन्सरने त्याला सर म्हटलं. हसायला येतं सांगताना, पण त्या वेळी नव्हतं आलं.

न्याय एकाच ठिकाणी मिळाला, तो घारापुरीला, लेण्यांच्या तिकीट खिडकीवर. मी ४० रुपये, तो ६००. मी ते तिकीट त्याच्या हातात देताना जरा जास्तच हळू दिलं असेल. वर ती सहा मीटरच्या आसपासची त्रिमूर्ती बघून तो गप्प झाला, मीही झालो, ते सोडून देऊ. मग त्याने विचारलं की याला एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठाय? तर तो दगडी हत्ती पाहूनच पोर्तुगीजांनी हे नाव दिलं. पुढे १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला, तुकडे झाले, ते तुकडे मुंबईत आणले, जोडले, आणि आता तो राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेर उभा आहे. बघा, तोही बाहेरूनच आलेला, तेही तुटक्या अवस्थेत, तरी भायखळ्यासारख्या ठिकाणी जागा मिळाली. डिपॉझिट नाही, ब्रोकरेज नाही, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट नाही. हे सगळं मी डचला इंग्रजीत सांगितलं, तो म्हणाला, "तू गाईड म्हणून खरंच चांगला आहेस."

निघताना काकांनी त्याचा नंबर मागितला होता. तो सरळ नाही म्हणाला, हसत. काका म्हणाले, साहेब मोकळ्या मनाचे आहेत. मी नाही म्हटलं असतं तर शिष्ट ठरलो असतो, म्हणून माझा दिला. तेव्हापासून रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं आणि खाली "साहेबांना नमस्कार सांगणे". आज फूल नव्हतं, पत्रिका होती. पुतण्याचं लग्न, बार्शीत. साहेबांना अवश्य घेऊन येणे. साहेबांची झोपायची सोय पाटलांच्या बंगल्यावर केली आहे, गादी आणि कूलर आहे. तुमचं काय, तुम्ही आपलेच, तुम्हाला रात्रीची मिरजेची गाडी मिळेल.

डचला दाखवलं. तो नाचतोय. मला विचारतोय, तिकिटं कधी काढतोस?