धास्ती कुठली, पत्ताच नाही!

‘कॉपीराइटच्या धास्तीनं ग्रामीण शिक्षक मुक्त शैक्षणिक साहित्याला हात लावत नाहीत’, हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. (मुक्त म्हणजे कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं अशी परवानगी कर्त्यानंच देऊन ठेवलेलं.) आम्ही तिघं जण तासगावात रविवारी सकाळी शिक्षकांसाठी बिनपैशाचा वर्ग चालवतो (द्राक्षं उतरायला लागली की हजेरी निम्म्यावर येते, तो भाग वेगळा). तिथं धास्ती औषधालाही दिसली नाही. नेटवर सापडलं म्हणजे आपलंच, असा हिशेब. बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते, म्हणजे ती ‘मुक्त’च! शेवटी आतल्या पानावरची ओळ मोठ्यानं वाचायला लावली: सर्व हक्क मंडळाकडे. की लगेच दुसरं टोक, ‘मग फळ्यावरबी लिहायचं नाही व्हय?’ अहो, लिहा की! 1957 च्या कायद्याचं कलम 52 शिकवण्याच्या ओघात तेवढी मुभा देतंच. छापून विकणं वेगळं.

खरी गोची निराळीच आहे. एका बाईंनी भाकरीच्या तुकड्यांची चित्रं हातानं काढून अपूर्णांकांचा स्वाध्याय केला होता. सहा महिन्यांनी तोच व्हॉट्सॲपवर फिरत त्यांच्याकडं आला, खाली भलत्याच सरांचं नाव. बाई म्हणतात, ‘मी कुठं नोंदणी केली होती?’ नोंदणी लागतच नाही, कागदावर उतरवलं की हक्क तुमचा, हे कळल्यावर त्यांनी त्याच दिवशी कोपऱ्यात क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय’ या परवान्याचं नाव टाकलं: घ्या, बदला, वाटा, पण माझं नाव ठेवा. परवा विट्याकडच्या कुणीतरी त्यात भाकरीऐवजी कलिंगड घातलंय. नावासकट.