तो फिरंग्यांचा, मग आपला कोणता?

२०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा वसईच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसभर भगवे झेंडे फडकत होते. इथून, केनियातल्या मोंबासातून, मीही जयजयकार केला. मग एवढंच लिहिलं, की आता आपल्या वसईच्या किल्ल्याकडेही कोणी तरी बघा. लगेच उत्तर आलं : "तो फिरंग्यांचा. गुलामीची खूण. चिमाजी आप्पांनी १७३९ला घेतला, तेवढा इतिहास पुरे." त्याखाली भराभर अंगठे. दुसऱ्याने लिहिलं, "तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

ते अजून डोक्यातून जात नाही. पन्हाळा शिलाहारांनी बांधला, पुढे आदिलशाहीत गेला, मग महाराजांनी घेतला. त्याला कोणी आदिलशहाचा म्हणतं का? मग वसईलाच हा न्याय का नाही?

शनिवारी काहावा प्यायला ओल्ड टाउनमध्ये गेलो, की पाय फोर्ट जीझसकडे वळतात. हाही पोर्तुगीजांचाच, १५९३ ते १५९६मध्ये बांधलेला. आराखडा कायरातीचा, म्हणजे गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या मुख्य स्थापत्यकाराचा. गोव्यात वाढलेला इथला सुलतान १६३१ साली उलटला आणि त्याने किल्ल्यातल्या कप्तानाला मारलं. १६९८मध्ये तेहतीस महिन्यांच्या वेढ्यानंतर ओमानी आत शिरले. इंग्रजांनी १८९५पासून १९५८पर्यंत त्याचा तुरुंग केला. स्वाहिलीत तुरुंगाला गेरेझा म्हणतात. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात ना, त्याच पोर्तुगीज शब्दाचा हा इथला अवतार. इतकं सोसलेली ही माणसं किल्ल्याला परका म्हणत नाहीत. गणवेशातली पोरं रांगेने येतात, बिल्लेवाला गाइड त्यांना तोफा दाखवतो. लाटा पाया खायला लागल्या तेव्हा समुद्राच्या बाजूने दगडी बांध घातला. आमच्याकडे वसईत तटावर प्री-वेडिंगचे फोटो निघतात.

आत पोर्तुगीज शिपायांनी भिंतीवर काढलेली चित्रं आहेत, कोळशाने आणि गेरूने : गलबतं, माणसं, एखादं चर्च. कंटाळलेल्या माणसांचं हे रेघोट्या मारणं इथे जिवापाड जपलंय. बारावीत असताना मी वसईच्या किल्ल्यात खिळ्याने माझं नाव कोरलं होतं. ती भिंत कोणाची, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. किल्लाबंदरहून सायकलने दहा मिनिटांत आत पोचायचो, क्रिकेट खेळायचो, आणि नागेश महातीर्थाच्या देवळापलीकडे काय आहे हे कधी बघितलं नाही. ग्रुपवरचा तो मित्र तेव्हा माझ्याच टीममध्ये होता. त्याच्यावर रागावताना हे मला आठवतं.

संग्रहालयात एका बुडालेल्या जहाजातल्या वस्तू आहेत. सांतो आंतोनियो दे तन्ना, ओमानींच्या वेढ्यात पोर्तुगीजांच्या मदतीला आलेलं, १६९७मध्ये किल्ल्यासमोरच बुडालेलं. तन्ना म्हणजे आपलं ठाणं. आणि जहाज बांधलं वसईत, १६८१ साली. लाकूड कापलं, खिळे ठोकले ते हात काही लिस्बनहून आले नसणार. आमच्याच बंदरावरची माणसं असणार ती. फिरंग्यांचं म्हणून त्यांनाही सोडून द्यायचं का?

तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा गाइडने विचारलं, इंडियात कुठले? वसई म्हटलं, त्याला कळेना. मुंबईजवळ म्हटलं, त्याने मान हलवली. शेवटी बॅसीन म्हणालो. त्याचा चेहरा उजळला, हाताला धरून त्याने मला त्या जहाजाच्या वस्तूंच्या कपाटापाशी नेलं. माझ्या गावाचं जे नाव मी घरी कधी उच्चारत नाही, त्या नावाने मला इथे ओळख मिळाली.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडेही किल्ला आहे ना? कसा ठेवलाय?"

"चांगला आहे," मी म्हणालो.