शेपटीला धरून उचललेला उंदीर

प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी उंदीर शेपटीला धरून कसा उचलायचा ते दाखवलं गेलं. शेपटी मुळापाशी चिमटीत धरायची, झटकन उचलायचा, दुसऱ्या हाताच्या बाहीवर टेकवायचा. चावत नाही, पळत नाही, काम पटपट होतं. नंतरच्या काही वर्षांत शेकडो उंदीर मी असेच उचलले. पिंजऱ्याचं झाकण सरकलं की सगळे कोपऱ्यातल्या भुशात, एकमेकांच्या अंगाखाली घुसायचे. काही तर हातात येताच मुतायचे. आम्ही वहीत वजन लिहायचो, डोस लिहायचो, वेळ लिहायचो. मुतला हे कुणी लिहीत नसे. त्यासाठी रकानाच नव्हता.

मग एक निबंध हाती पडला. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 साली तो छापला होता. त्यांनी केलं काय, तर काही उंदीर शेपटीनं उचलले, काही ओंजळीत घेतले आणि काही एका साध्या नळीत शिरू देऊन नळीसकट उचलले. शेपटीनं उचललेले उंदीर माणसाचा हात टाळत आणि चाचण्यांमध्ये जास्त घाबरलेले दिसत. नळीतले आणि ओंजळीतले आपणहून जवळ येत. बस्स, एवढंच. ना यंत्र, ना महागडं रसायन.

आमच्याकडे नळ्या आल्या तेव्हा पिंजरे साफ करणारे काका पोट धरून हसले. म्हणाले, "आता उंदरांना पालखी! उद्या चवऱ्या ढाळायला लावाल." पण आठदहा दिवसांनी झाकण पुरतं निघायच्या आत नळीच्या तोंडाशी मिशा हलताना पहिल्यांदा त्यांनीच पाहिल्या आणि मला हाक मारून दाखवल्या. त्या दिवशी बरं वाटायच्या ऐवजी माझ्या पोटात गोळा आला. आधीच्या एवढ्या वह्यांमध्ये आम्ही मोजलं ते नक्की काय होतं? औषधाचा परिणाम, की उचलल्याची भीती?

हा प्रश्न एकट्या माझ्या वह्यांचा नाही. 2014 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटानं दाखवलं की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषानं घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि त्या ताणापायी त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. म्हणजे वेदनाशामकाची चाचणी सकाळी कोणी घेतली आणि दुपारी कोणी, यावर आकडे हलू शकतात. तापमानाचंही तेच. प्रयोगशाळा 20 ते 24 अंशांवर ठेवतात, कारण अंगात कोट घातलेल्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराला सुखाचं असतं 30 अंशांच्या आसपास. बिचारा दिवसरात्र अंग गरम ठेवण्यात शक्ती खर्च करतो. 2013 साली एका अभ्यासात उबदार ठेवलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठी हळू वाढलेल्या आढळल्या. गारठलेल्या प्राण्यावर औषध तपासायचं आणि माणसात ते चाललं नाही की डोकं खाजवायचं, हा प्रकार मला आता विनोदी वाटत नाही.

म्हणूनच 'प्राण्यांचं वर्तन आणि कल्याण' हा विषय भूतदयेच्या कप्प्यात ढकलला की माझं डोकं फिरतं. एका निधीच्या बैठकीत मी ऐकलंय, "वर्तन वगैरे ठीक आहे हो, पण ठोस काय मोजणार?" अहो, यापेक्षा ठोस काय असतं? आजारी प्राणी कमी खातो, झोपून राहतो, अंग चाटायचं सोडून देतो. पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्येच मांडलं होतं की ही नुसती ताकद गेल्याची खूण नव्हे, संसर्गाशी लढण्यासाठी शरीरानं ठरवून घेतलेली विश्रांती आहे. पण ती बघायला कुणीतरी गोठ्यात उभं राहावं लागतं.

गाईंचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं 2007 मध्ये दुभत्या गाई गव्हाणीवर किती वेळ असतात, किती खातात ते विण्याच्या आधीपासून मोजलं. व्याल्यावर ज्या गाईंना गर्भाशयाचा गंभीर दाह झाला, त्यांचं खाणं विण्याच्या दोन आठवडे आधीच, बाहेरून काही दिसायच्या कितीतरी आधी, कमी झालं होतं. ताजा चारा पडला की सगळ्या गाई गव्हाणीकडे धावतात. नेमक्या तेव्हा या गाई मागे राहत, ढुशी द्यायला जात नसत. दोन आठवडे! ताप नाही, स्राव नाही, दूध तर अजून सुरूच व्हायचंय, आणि गाय मात्र सांगून मोकळी झालेली.

आता यावर गळ्यात बांधायचे सेन्सर निघालेत. असू देत, माझा विरोध नाही. पण दहा गाईंना सहा जणींच्या जागेची गव्हाण दिली असेल, तर सेन्सर फक्त एवढंच कळवणार की दुबळ्या गाईला खायला मिळत नाही. ते गव्हाण बांधतानाच कळायला हवं होतं.

याचा माणसांच्या दवाखान्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांसाठी डुकराच्या पिल्लांची गोष्ट. मोकळ्यावर राहणारं पिल्लू आईचं दूध हळूहळू, तीनेक महिन्यांत सोडतं. मोठ्या धंद्यात त्याला तीन-चार आठवड्यांत तोडतात. आई गेली, खाणं बदललं, सोबतीला अनोळखी पिल्लं, मारामाऱ्या, आणि पोट बिघडलंच. यावर वर्षानुवर्षांचा उपाय एकच, सगळ्यांच्या खाद्यात प्रतिजैविकं, म्हणजे जिवाणू मारणारी औषधं; त्यानं पिल्लं वाढतातही झपाट्यानं. स्वीडननं वाढीसाठी ती घालायला 1986 मध्ये बंदी केली. लगेच सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही, उलट पिल्लांची हगवण वाढली आणि उपचारासाठी औषधं जास्त लिहावी लागली. पिल्लांना तोडायचं वय, जागा, खाद्य, स्वच्छता हे सगळं बदलत नेलं, तेव्हा कुठे वापर खाली आला. युरोपीय संघात वाढीसाठीच्या वापरावर 2006 मध्ये बंदी आली आणि सरसकट रोजच्या प्रतिबंधक वापरावर जानेवारी 2022 मध्ये. म्हणजे पिल्लांच्या वागण्यातून जे आधीच दिसत होतं, ते कायद्यात यायला इतकी वर्षं लागली.

अशी औषधं सरसकट वापरली की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. 2019 या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यातलं बरंचसं पाप माणसांच्या दवाखान्यातल्या औषधांचं आहे, सगळं गोठ्यावर ढकलण्यात अर्थ नाही. पण टिकाऊ आरोग्यव्यवस्थेच्या चर्चा मी ऐकतो तेव्हा खाटा, विमा, नवी औषधं, हल्ली सौरऊर्जेवरची रुग्णालयं, एवढंच कानावर येतं. दाटीवाटीनं कोंडलेलं जनावर हा त्या व्यवस्थेच्या खर्चातला आकडा आहे, हे कुणी बोलत नाही. जागेला पैसे लागतात, मान्य. औषधं निकामी होण्याचे पैसेही कुणीतरी भरतंच आहे, फक्त ते गोठ्याच्या हिशोबात दिसत नाहीत.

प्राण्यांवरचे प्रयोग उद्यापासून बंद करा, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, याचीही खात्री नाही. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आता प्रत्येक अर्जात या तिन्हींचा एक परिच्छेद असतो, बहुतेक वेळा मागच्या अर्जातून उचललेला. तो मीही उचललाय.

नळ्या आल्यानंतर मी वहीत पट्टीनं एक जादा रकाना आखला होता, 'उचलताना काय केलं'. पहिल्या आठवड्यात सगळीकडे 'पळाला', 'मुतला', 'पळाला'. पुढे पुढे 'आपणहून आला', 'नळी हुंगली'. एका ओळीत काकांच्या अक्षरात 'हा लबाड आहे, दोनदा आला'. प्रकल्प संपला तेव्हा नोंदी छापील तक्त्यात उतरवून द्यायच्या होत्या. तक्त्यात वजन होतं, डोस होता, वेळ होती.